आईंना मागे बसवून कोकण: जुन्या क्लासिक ३५० वर पाच हजारांत घरी काय करावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी २०१५ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरची, चाकं आऱ्यांची आणि ट्यूबची, मागे ड्रम ब्रेक. दिवाळी झाली की चिंचवडहून निघून ताम्हिणी उतरायची, हरिहरेश्वर, बागमांडला-वेसवी फेरी, दापोली, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, पुढे तवसाळ-जयगड फेरीने गणपतीपुळे, आणि परतताना चिपळूण, कुंभार्ली, कराड करून घरी. मागे आई. खर्चाला पाच हजार, हाताशी दोन रविवार. करायच्या कामांची तुमची यादी: फॉग लाइट, मोबाईल चार्जर, पॅनियर (बाजूला लावायच्या पेट्या), मऊ सीट, उंच हँडल. यातलं घरच्या घरी काय जमेल आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

माझं गॅरेज कराड-चिपळूण रस्त्यावर, पाटणच्या अलीकडे आहे. कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या माझ्याकडे थांबतात, तेव्हा कोकणच्या दौऱ्यात गाडीला नेमकं काय होतं ते रोज समोर दिसतं. फॉग लाइट नव्हते म्हणून अडकलेली गाडी मी पाहिलेली नाही. तुटलेली क्लच वायर, आतून फाटलेली ट्यूब, चाकात गेलेला पट्टा, गळून पडलेला कॅरिअरचा बोल्ट आणि चार्जरच्या वायरिंगमुळे उडालेला फ्यूज, हे मात्र सारखं येतं. म्हणून तुमच्या यादीचा क्रम मी बदलणार आहे. दोन माणसं आणि सामान घेऊन तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर काय सैल होईल, काय तुटेल आणि आईंची कंबर कुठे धरेल, हे आधी बघू. पैसे उरले तर लाइटचं बोलू.

घरी करायच्या कामासाठी माझी एकच कसोटी आहे: जे तुम्ही रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या हत्यारांनी, उघडून पुन्हा बसवू शकाल तेच घरी करा. बाकीचं मिस्त्रीकडे. पुढच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढणं, फोर्कचं ऑइल, चाकाचा आऊट (तिरकेपणा) काढणं, कार्ब्युरेटरचे जेट बदलणं ही कामं पहिल्यांदा करायची वेळ दौऱ्याच्या आदल्या आठवड्यात येऊ देऊ नका.

आणि काही गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. त्यातली मोठी म्हणजे चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा दिसला, किंवा दात एका बाजूला झुकून करवतीसारखे टोकदार झाले असतील, तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायचा. मग तुमच्या पाच हजारांतला मोठा भाग तिथेच जाईल आणि सीट, बॅगा पुढच्या वर्षी. ह्यात तडजोड नको.

चेन चांगली असेल तर खर्च नावापुरता. डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन साफ करा, फडक्याने कोरडी करा आणि आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. पेट्रोलने धुऊ नका. चेनला ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) असतील तर त्या खराब होतात, नसतील तरी वंगण पार धुऊन जातं. ताण मोजताना चाक हळूहळू फिरवत चेन सर्वांत घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथे मोजा. मापाचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. तो जुळला की आईंना मागे बसवून पुन्हा एकदा चेन हलवून बघा, कारण वजनाने मागची बाजू दबली की ताण बदलतो. चाक मागे सरकवलं असेल तर मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो. ब्रेक चिकटत नाही ना, ब्रेकच्या पेडलला किती खेळ आहे आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो का, हे तेव्हाच तपासा. घाटात मागचा ड्रम तापून गेलेल्या ज्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांची चेन नुकतीच कोणीतरी ओढलेली असते.

आता क्लच वायर. ह्या एका गोष्टीवर तुम्ही एक पूर्ण संध्याकाळ घालवा असं मी म्हणेन. वायर सहसा लिव्हरजवळ, निपलला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या गोळीला) लागून तुटते. निपल लिव्हरच्या खोबणीत फिरायला हवं. तिथे गंज आणि धूळ बसली की ते फिरत नाही, मग दर वेळी लिव्हर दाबल्यावर तारा एकाच जागी वाकतात आणि एकेक करून तुटतात. लिव्हर पूर्ण दाबून निपलच्या मुळाशी टॉर्च मारा. एक जरी तार केसासारखी बाहेर आलेली दिसली तर वायर बदलायची. ती तार दिसल्यावर वायर आणखी किती टिकेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि ती तुटते ती घाटातच, कारण क्लच तिथेच जास्त लागतो.

जुनी वायर चांगली असली तरी एक नवीन विकत घ्या, पण ती बॅगेत टाकू नका. गाडीतच जुन्या वायरीच्या शेजारून टाकून ठेवा. रीत अशी: आधी नव्या वायरीत तेल सोडायचं. प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्यात वायरीचं वरचं टोक घाला, चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, पिशवीत चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि वायर खिळ्याला रात्रभर लटकवून ठेवा. सकाळी खालच्या टोकाला तेलाचा थेंब दिसला म्हणजे ते आत पूर्ण उतरलं. मग टाकी काढून ती जुन्या वायरीच्या बाजूने, त्याच वळणांनी न्या आणि केबल टायने सैलसर बांधा. दोन्ही टोकांना ग्रीस लावून छोटी पिशवी चढवा आणि पट्टी गुंडाळा. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. कुठे वायर ताणली जात असेल किंवा हँडलच्या मानेत चिमटत असेल तर तिथला टाय कापून पुन्हा बांधा. जुनी तुटली की टाकी काढायची गरज नाही, फक्त दोन टोकं बदलायची. टपरीवर आईंचा चहा होईपर्यंत गाडी तयार.

ॲक्सिलेटर वायरीचंही असंच करता येतं. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरबद्दल एक फुकटचा उपाय सांगतो. हँडलवर लिव्हरची पकड ज्या बोल्टने कसलेली असते, तो जीव खाऊन कसू नका. हाताच्या साध्या जोराने हलणार नाही, पण मुठीचा ठोसा बसला तर फिरेल इतकाच ठेवा. गाडी उभ्या उभ्या पडली तर लिव्हर फिरते, मोडत नाही. फेरीबोटीच्या रॅम्पवर गाड्या अशाच, उभ्या उभ्या पडतात.

ट्यूबच्या चाकांचं मात्र तुम्हाला शिकूनच घ्यावं लागेल. ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायचं, वाती आणि रीमरचं किट तुम्ही घेतलंय असं लिहिलंय, ते ह्या गाडीला उपयोगाचं नाही. दोन नवीन ट्यूब, पुढची १९ इंची आणि मागची १८ इंची, तीन छोटे टायर लिव्हर, साबण आणि पायाने मारायचा पंप, इतकं लागतं. पहिल्या रविवारी मेन स्टँडवर गाडी लावून मागचं चाक एकदा घरीच काढा, टायर एका बाजूने उतरवा, ट्यूब बाहेर काढा आणि परत बसवा. वेळ लागेल, बोटं सोलतील, हरकत नाही. वेळास-केळशीच्या रस्त्यावर हे पहिल्यांदा करण्यापेक्षा घरच्या पार्किंगमध्ये केलेलं बरं.

टायर उतरवलाच आहे तर रिमच्या आत बघा. आऱ्यांची टोकं रिममध्ये बाहेर येतात आणि त्यांच्यावर एक रबरी पट्टी असते. दहा वर्षांच्या गाडीत ती पट्टी सुकून चिरलेली किंवा एका बाजूला सरकलेली असते. मग आऱ्याचं टोक ट्यूबला घासत राहतं. अशी गाडी पंक्चर काढून देऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते आणि लोक पंक्चरवाल्याला दोष देतात. ओळख सोपी आहे: ट्यूबला भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर खिळा-काटा, रिमच्या बाजूला असेल तर पट्टी किंवा आरा. नवीन पट्टी स्वस्त मिळते. नाही मिळाली तर जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद गोल पट्टी कापून रिमवर चढवा, हवेच्या व्हॉल्व्हसाठी भोक पाडा. आऱ्याचं एखादं टोक रिमच्या आत जास्त आलं असेल तर ते कानशीने घासून सपाट करा. टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा अडकला असेल तर फडकं तिथे अडकेल, बोट कापणार नाही.

आरे तपासायला पाना घेऊन एकेक आरा हलकाच वाजवा. कसलेला आरा टणत्कार देतो, सैल आरा बद्द वाजतो. दोन-तीन बद्द वाजले तर स्वतः कसत बसू नका, चाक आऊट होईल. आऱ्यांचं काम करणाऱ्याकडे द्या. टायरवर चार आकड्यांचा उत्पादनाचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली असल्याने नक्षी शाबूत आणि रबर मात्र कडक, असं जुन्या क्लासिकवर फार दिसतं. बाजूच्या भिंतीला बारीक चिरा असतील तर त्या टायरवर आईंना घेऊन घाट उतरू नका.

पेट्रोलची नळीही बदलून टाका. आता पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलने जुनं रबर लवकर कडक होतं, चिरतं. नळी वाकवून बघा, वळणावर भेगा दिसल्या तर संपली. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक पाण्याची नळी नको. ती काही दिवसांत लाकडासारखी होते आणि इंजिनजवळ निसटली तर आग लागू शकते.

इथपर्यंत मोडण्याचं झालं. आता दमण्याचं, आणि त्यात आधी आईंचं.

सीट मऊ करायची ही तुमची कल्पना मी बदलायला सांगेन. मऊ फोम पहिल्या अर्ध्या तासात छान वाटतो. मग तो पूर्ण दबतो आणि माणूस थेट पत्र्यावर बसल्यासारखा बसतो. पाहिजे तो घट्ट फोम, आणि रुंदी. क्लासिकची मागची सीट वेगळी निघते, हे तुमच्या सोयीचं आहे. ती काढून सीट कव्हरवाल्याकडे न्या आणि खाली जास्त घनतेचा घट्ट फोम, वर बोटभर जाडीचा मऊ थर, दोन्ही बाजूंना थोडी रुंदी आणि मागच्या कडेला किंचित चढ, असं सांगा. चढामुळे गतिरोधकावर मागे सरकायला होत नाही. शिवण वरच्या बाजूला येऊ देऊ नका, तिथूनच पाणी आत जातं. फोम चिकटवण्याआधी आईंना त्यावर पंधरा मिनिटं बसवून बघा; त्यांचा गुडघा किती वाकतो, पाय फूटरेस्टवर नीट टेकतो का, हे त्याच सांगू शकतील. नोव्हेंबरात सहसा पावसाचा प्रश्न नसतो, तेव्हा सीटवर घोंगडीचा दुमडलेला तुकडा बांधलात तर घाम साठत नाही. मी स्वतः लांबच्या प्रवासात हेच वापरतो.

त्याच्या बरोबरीने मागचे शॉक. ह्याला एक रुपया लागत नाही आणि फरक सगळ्यांत जास्त पडतो. मागच्या दोन्ही शॉकना स्प्रिंगचा ताण बदलायच्या पाच पायऱ्या आहेत. तुम्ही एकटे फिरता, म्हणजे ते बहुतेक सर्वांत मऊ पायरीवर असतील. दोघं आणि सामान असेल तर वरच्या पायऱ्यांवर न्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. पुस्तकात दोघांसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला आहे, तो बघा आणि हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी भरा. ही दोन कामं केल्याशिवाय गाडीचा मागचा भाग बसलेला राहतो, हँडल हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हेडलाइटचं म्हणूनच पूर्ण सामान लादून, आईंना बसवून जुळवायचं. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा, भिंतीवर हेडलाइटच्या मध्याच्या उंचीची खूण करा आणि लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली आणा. काच आतून धुरकट असेल तर ती साफ करा, अर्थिंगच्या वायरीची गंजलेली टोकं पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसा. तुमच्या गाडीला ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब आहे, तो चांगल्या स्थितीत असेल तर कोकणच्या रस्त्याला पुरेसा आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घुसवू नका. प्रकाश जास्त दिसतो पण तो हवा तिथे पडत नाही, समोरच्याला मात्र आंधळं करतो. आणि आई बरोबर असताना अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं ठरवलंत तर फॉग लाइटचा मुद्दाच निघतो.

हँडल उंच करण्याआधी आहे ते हँडल क्लँप सैल करून थोडं स्वतःकडे फिरवून बघा. मनगट आणि कोपर सरळ रेषेत आले तर काम झालं. रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावले की सगळ्या वायरी आणि ब्रेकची होज अपुऱ्या पडतात, मग एकातून दुसरं काम निघतं.

सामान. बाजारातले स्टीलचे पॅनियर तुमच्या बजेटमध्ये बसत नाहीत आणि दोघांसाठी तीन-चार दिवसांचे कपडे न्यायला त्यांची गरजही नाही. डाव्या बाजूला साडी गार्ड आहेच. बॅग चाकात जाऊ न देण्याचं काम तो उत्तम करतो. उजव्या बाजूला सायलेन्सर आहे, तिथे बॅग टेकली की वितळते. त्यामुळे उजवीकडे वेल्डिंगवाल्याकडून दहा मिलिमीटर सळीची साधी चौकट करून घ्या. वरचं टोक कॅरिअरच्या किंवा मडगार्डच्या बोल्टला, खालचं मागच्या फूटरेस्टच्या आसपास, आणि सायलेन्सरपासून चार बोटं अंतर. चौकटीला भोकं पाडून बोल्टने बसवायची, गाडीच्या चासीला वेल्डिंग लावायचं नाही. वेल्डिंग करताना चौकट गाडीवर असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा.

बॅगा म्हणजे दोन कॅनव्हासची दप्तरं, बॅगवाल्याकडून दोन रुंद पट्ट्यांनी जोडून घेतलेली. पट्टे मागच्या सीटच्या खालून जातात, वर सीट बसते, त्यामुळे ते सरकत नाहीत. आत जाड प्लास्टिकची पिशवी. दोन्ही बाजूंचं वजन घरच्या काट्यावर सारखं करा. हत्यारं, पाणी असलं जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे. आईंच्या मागे कॅरिअरवर फक्त हलकं, उशीसारखं काहीतरी. मागच्या चाकाच्या मागे गेलेलं प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतं आणि उतारावर हँडल थरथरायला लागतं. हुकवाले बंजी वापरू नका. हुक सुटला की डोळ्यावर येतो किंवा चाकात जातो. बकलवाले पट्टे घ्या आणि उरलेलं टोक गुंडाळून आत खोचा. हत्यारांसाठी चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका बाजूला बंद टोपी आणि दुसऱ्या बाजूला आट्यांचं झाकण, हा लेग गार्डला होज क्लँपने बांधला की झालं. क्लँपच्या खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर घासून खडखड होते.

चार्जर घरी बसवता येईल, पण रीत पाळा. आधी मल्टिमीटरने बॅटरी बघा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं वर चढवल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान. चालू इंजिनवर आकडा १३ च्या खाली राहत असेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे, आणखी काही जोडू नका. आकडे बरोबर असतील तर बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, मग रिले (चावीच्या करंटवर चालू-बंद होणारा स्विच), मग चार्जर. ५ व्होल्ट २ ॲम्पिअरचा चार्जर म्हणजे १० वॉट, बॅटरीतून जेमतेम एक ॲम्पिअर, त्यामुळे ३ ॲम्पिअरचा फ्यूज पुष्कळ झाला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, तो बॅटरीजवळच हवा; चार्जरजवळ लावला तर मधली अख्खी वायर संरक्षणाविना राहते. रिलेच्या चार पिनांपैकी ३० ला फ्यूजकडून येणारी वायर, ८७ ला चार्जर, ८६ ला चावी फिरवल्यावर चालू होणारी एखादी वायर, ८५ ला अर्थिंग. चावी काढली की चार्जर बंद, सकाळी बॅटरी उतरलेली नाही.

जोड पिळून पट्टी गुंडाळायची सवय मात्र सोडा. बुलेटच्या थरथरीने असा जोड काही दिवसांत सुटतो. सोल्डरचा जोडही कडक कडेपाशी तुटतो. थिंबल (वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक) घ्या, पकडीने नीट दाबा, ओढून बघा, वर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी). वायर हँडलच्या मानेतून नेताना वळणाला ढील ठेवा आणि सिलिंडर हेडपासून लांब ठेवा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावा, खाऱ्या हवेत त्यांचा हिरवा-पांढरा चुरा होतो.

नटबोल्टचं काम कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. सायलेन्सर, कॅरिअर, मडगार्ड, लेग गार्ड, फूटरेस्ट, आरसे, नंबर प्लेट आणि इंजिन माउंटिंग, सगळे एकदा योग्य पान्याने तपासा. वारंवार सैल होणाऱ्यांना निळं लॉकटाइट (आट्या धरून ठेवणारा डिंक) किंवा नायलॉनचे नट. मग प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. रोज सकाळी पाना न लावता दोन मिनिटांत पूर्ण गाडी तपासून होते, आणि हे काम आईही करू शकतात.

कायद्याचं थोडक्यात: आरसीवर नोंदलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. वर सांगितलेल्या कामांत चासी, इंजिन, सायलेन्सर कशालाच हात लागत नाही. हेल्मेट आईंनाही, बरोबर मापाचं.

खर्चाचा माझा अंदाज असा बसतो: ट्यूब, क्लच वायर, पेट्रोलची नळी, दोन प्लग (तुमच्या इंजिनाला प्लग दोन आहेत), एक हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, तुमच्या मापाचं एक चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी कडी), मिळून दीड-दोन हजार. टायर लिव्हर, पंप, मल्टिमीटर असं हत्यारांचं हजारभर. सीटला हजार, बॅगा आणि चौकटीला हजार, चार्जर-रिलेचे उरलेले. पुण्यात नाना पेठेत सुट्टे भाग आणि बोहरी आळीत बाकीचं हार्डवेअर घेतलंत तर बसेल. चेन लॉक बसवताना क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा, उघडी बाजू मागे.

फेरीबोटीबद्दल एक सांगायचं राहिलं. रॅम्प ओला असतो, ओहोटीला खालच्या भागावर शेवाळ असतं. आईंना वरच उतरवा, त्या चालत बोटीत येतील, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता, सरळ जा. बोटीवर साइड स्टँड आणि गाडी गिअरमध्ये; मेन स्टँडवर ती डुलते. वाळूत गाडी नेऊ नका. मुक्कामाला गोडं पाणी मिळालं तर चाकं, चेन आणि खालचा भाग हलक्या धारेने धुवा आणि चेनला पुन्हा ऑइल द्या. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवरची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये फार लवकर बसते, घरी आल्यावर तो उघडून बघा.

दुसऱ्या रविवारी, सगळं सामान लादून आणि आईंना घेऊन, ताम्हिणीपर्यंत जाऊन या. घाट उतरू नका, वरून परत फिरा. घरी आल्यावर नेलपॉलिशच्या रेघा बघा, चेनचा ताण पुन्हा मोजा, सायलेन्सरजवळच्या बॅगेला हात लावून ती किती तापली ते बघा, आणि आईंना कुठे दुखलं ते विचारा. सीटचा फोम बदलायला तेव्हा अजून वेळ असेल. चेनचा मागच्या स्प्रॉकेटवरचा फोटो आणि बॅटरीचे दोन आकडे, उभ्या गाडीचा आणि चालू इंजिनचा, इथेच टाका. ते पाहिल्यावर फॉग लाइटचं हो की नाही ते सांगतो.